शहराच्या वेशीवरची तारीख

स्थलांतर म्हटले की चर्चा पोटाभोवतीच फिरते. दुष्काळ पडला, काम संपले, माणसे मुंबई-पुण्याला गेली. नांदेड-लातूरच्या आमच्या बौद्ध वस्त्यांचा इतिहास एवढ्यात मावत नाही.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. ज्यांचे त्यातही भागले नाही, त्यांनी शहर गाठले. पुढे २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. ही माणसे मजूर होती, तशीच निर्वासितही होती. शहराने मात्र त्यांना एकच नाव दिले : अतिक्रमण.

१९८१ मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या फुटपाथवरील लोकांना हटवून मूळ गावी पाठवण्याचे जाहीर केले. ज्या गावाने घर जाळले, त्या गावी? ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवण्यास मुभाही दिली. संरक्षण कोणाला, हे तारखेवर ठरू लागले. आधी १९७६ ची झोपडपट्टी गणना, मग १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २०००.

अमेरिकेने २०१२ च्या ‘डाका’ धोरणात, लहानपणी आलेल्या कागदपत्र नसलेल्या तरुणांकडे १५ जून २००७ पासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागितला. तो परदेशातून आलेल्यांसाठीचा नियम होता. लातूरहून मुंबईला आलेला माणूस परदेशी आहे काय? संविधानाचे कलम १९ त्याला देशात कुठेही जाण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क देते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाऐवजी व्यक्तीला राज्यघटनेचा घटक मानल्याचे समर्थन केले होते, ते उगाच नव्हे.

धोरण मात्र माणसाला पुन्हा गावाशीच बांधते. शहरात जन्मलेल्या मुलाला जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. भूमिहीनाच्या नावे सातबारा नाही, मग आजोबांचा कागद आणायचा कुठून?

शहराची क्षमता मर्यादित आहे, असे सांगितले जाते. पण याच माणसांनी बांधलेल्या इमारतींत राहताना आणि त्यांनीच झाडलेल्या रस्त्यांवरून चालताना ती मर्यादा कोणाला आठवत नाही. म्हणून आमची मागणी सरळ आहे : घराचा हक्क तारखेवर तोलू नका, आणि जुनी दप्तरे शोधण्याची जबाबदारी अर्जदारावर न टाकता शासनाने घ्यावी. दप्तरे शासनाच्याच ताब्यात आहेत.