दगडातली हाडं आणि ती सोडवणारे हात

संग्रहालयात एखाद्या अजस्र प्राण्याचा सांगाडा उभा असतो. खाली पाटी असते. त्यावर प्राण्याचं नाव आणि काळ असतो, फार तर अभ्यास करणाऱ्या साहेबाचं नाव असतं. पण तो सांगाडा खडकातून सोडवला कुणी? ते बहुधा लिहिलेलं नसतं. आज आम्ही त्या कामाचा इतिहास सांगणार आहोत.

प्राणी मेला, गाळात गाडला गेला. हाडांत हळूहळू खनिजं शिरली आणि भोवतीच्या गाळाचा खडक झाला. हाच जीवाश्म. आता हाडही दगडासारखं, भोवती तर दगडच. एक सोडवायचा आणि दुसरा फोडायचा, त्यातही घाव चुकला की करोडो वर्षं टिकलेली वस्तू क्षणात भुगा होते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं गाव आहे. तिथे 1799 साली मेरी ॲनिंगचा जन्म झाला. वडील सुतार होते. 1810 मध्ये ते वारले आणि घरावर कर्ज राहिलं. कड्यातून मिळणारे शंख, हाडं फिरस्त्यांना विकून हे कुटुंब पोट भरायचं. 1811 मध्ये भावाला एक मोठी कवटी सापडली, पुढच्या वर्षी मेरीने बाकीचा सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर या समुद्री प्राण्याचा होता. तेव्हा मेरी जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती.

हिवाळ्यातल्या वादळात कडे ढासळायचे आणि नवी हाडं उघडी पडायची. लाटा ती वाहून नेण्याआधी काढावी लागत. म्हणून मेरी त्या धोक्याच्या दिवसांतच हातोडी घेऊन निघायची. 1833 मध्ये दरड कोसळून तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गेला. घरी आणलेल्या दगडातून हाड मोकळं करायचं, स्वच्छ करायचं, त्याचं चित्र काढायचं, हे सगळं ती स्वतः शिकली. आजचे मासे कापून त्यांची रचनाही तिने पाहून घेतली.

1823 मध्ये तिने लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा काढला. फ्रान्सचे मोठे शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांना शंका आली, इतकी लांब मान खरी कशी? दोन प्राण्यांची हाडं जोडली तर नाहीत ना? मेरीची रोजीरोटी तिच्या शब्दावर चालत होती. शेवटी सांगाडा खरा ठरला. पण 1824 मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सभेत कोनिबेअर यांनी त्याची माहिती दिली, तेव्हा मेरीचं नावही घेतलं नाही. त्या सभेत बायकांना प्रवेशच नव्हता. स्त्रियांना तिथे सभासदत्व मिळायला 1919 साल उजाडलं. मेरी 1847 मध्येच गेली होती.

पुढे अमेरिकेत प्रश्न वेगळा होता. हाडं ठिसूळ आणि गाडीचा रस्ता लांबचा. 1876 मध्ये चार्ल्स स्टर्नबर्ग आणि सोबत्यांनी तांदूळ शिजवून घट्ट खळ केली, त्यात कापड बुडवून हाडांभोवती गुंडाळलं. वाळल्यावर कडक कवच तयार! लवकरच खळीच्या जागी प्लास्टर आलं. आजही तीच रीत आहे. हाडाभोवती चर खणायचा, वर ओला कागद ठेवायचा, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या, आणि मग दगडासकट सगळा गोळा उचलायचा. मोडक्या हाताला डॉक्टर घालतात तसंच. पुढचं काम प्रयोगशाळेत सुई, ब्रश आणि हवेवर चालणाऱ्या बारीक छिन्नीने महिनोन् महिने चालतं. चुनखडीचा दगड असेल तर सौम्य ॲसिडही वापरतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच. तांब्याचं भांडं आपण चिंचेने उजळतो, त्यातला आंबटपणा असाच कामाला येतो.

हे सगळं परदेशातलंच नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिजदुरा गाव आहे. तिथे डायनासोरची हाडं आणि दगड झालेलं शेणही मिळतं. 2005 मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या शेणातून गवताचे वाळूसारखे सूक्ष्म कण वेगळे केले. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे त्यातून कळलं. 2011 मध्ये भाताच्या कुळातल्या गवताचाही पुरावा पुढे आला. आणि या वेळी संशोधनाच्या पहिल्या नावात एक स्त्री होती.

मैत्रिणींनो, विहीर खणताना किंवा रोजगार हमीच्या कामावर असा दगड दिसला तर पहारीने उचकू नका, घरीही नेऊ नका. तो कुठल्या थरात होता हे हरवलं की त्याची अर्धी गोष्ट हरवते. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, तलाठ्याला किंवा जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथेही कळवता येतं.

आणि कळवताना, आधी कुणाला दिसला त्या बाईचं नाव कागदावर लिहा. बचत गटाच्या वहीत आपण दहा रुपयांचीही नोंद ठेवतो. मग ही नोंद का सोडायची?