गावावरचे टिंब

१९६२ च्या आधी शाळेत गेलेल्या माणसाला 'गाव' हा शब्द बिनटिंबाचा लिहायची मुभा नव्हती. 'गांव', 'नांव', 'पांच', 'दांत', 'कांहीं', 'नाहीं' असेच लिहायचे. शुद्धलेखनाच्या तासाला गुरुजी शब्द सांगत, मुले पाटीवर उतरवून घेत आणि डोक्यावरचा ठिपका राहिला की एक चूक मोजली जाई. मग नियम बदलले. तीच मुले मोठी होऊन आपल्या मुलांच्या वह्या बघू लागली, तेव्हा ठिपका देणे हीच चूक झालेली होती. शब्द तोच, अर्थ तोच, बोलणारी माणसे तीच. रोजच्या लिहिण्यातल्या चुकांचे किती मनावर घ्यायचे, असे कुणी विचारले की मला या ठिपक्याची कुळकथा सांगावीशी वाटते.

हा ठिपका कुणी हौसेने दिलेला नव्हता. 'ग्राम' आणि 'नाम' या संस्कृत शब्दांतला 'म' प्राकृतात सैल पडला आणि त्याचा नाकातून उच्चारायचा 'व' झाला. त्याचे नाकातले बोलणे अक्षराच्या डोक्यावर ठिपका होऊन राहिले. 'श्यामल' वरून 'सांवळा' आला तो याच वाटेने. 'पञ्च', 'दन्त', 'कण्टक' यांतल्या जोडाक्षरातले अनुनासिक आधीच्या स्वरात मुरले आणि 'पांच', 'दांत', 'कांटा' झाले. शब्दाच्या पोटात गेलेला वर्ण पुरता नाहीसा होत नाही, मागे काहीतरी ठेवून जातो. हे ठिपके म्हणजे तेच मागे राहिलेले.

दुसरे घराणे व्याकरणाचे. 'देवेन' या तृतीयेच्या रूपातला 'न' झिजून जुन्या मराठीत 'देवें' झाले, म्हणजे देवाने. 'मौक्तिकम्' मधल्या शेवटच्या 'म्' चे 'मोतीं' झाले. म्हणून नपुंसकलिंगी एकवचनाच्या डोक्यावर ठिपका असायचा: 'केळें', 'तळें', 'तें', 'झालें'. 'तो जातो' पण 'मी जातों'. 'ती मुलगी' पण 'तीं मुलें'. 'आम्ही आलों' यातला 'आम्ही' कोरा, पण 'आम्हीं आंबा खाल्ला' यात तृतीया, म्हणून ठिपका. ज्याला हे समजत होते त्याला वाक्याची घडण नुसत्या नजरेने कळे. ज्याला समजत नव्हते त्याला ते पाठ करावे लागे, आणि बहुतेकांना पाठच करावे लागे, कारण देशावरच्या बोलण्यातून हा नाकातला सूर केव्हाच गेला होता.

शिवकाळात आणि पेशवाईत मात्र या ठिपक्यांचा फारसा बाऊ नव्हता. राज्याचा, सावकारीचा, घरगुती पत्रांचा सगळा व्यवहार मोडीत चाले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळत नसत, दोन शब्दांत जागा सोडत नसत, विरामचिन्हे नव्हती, अनुस्वार दिला तर दिला. या लिपीत तह झाले, सनदा निघाल्या, वतनांचे निवाडे झाले. बाळबोधीत पोथ्या लिहिल्या जात, पण तिथेही लेखनिकागणिक ठिपके बदलत. 'पाणी' की 'पाणि' यावरून एखाद्या कारकुनाची नोकरी गेली असती, असे त्या काळाकडे पाहून वाटत नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची शिस्त आपल्या पूर्वजांकडून अनादि काळापासून चालत आली आहे, ही समजूत सोडून द्यायला हवी. ती आली छापखान्याबरोबर आणि सरकारी शाळांबरोबर.

१८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण. मोल्सवर्थला कोशात मदत करणारे थॉमस कँडी पुढे सरकारी शाळांच्या मराठी पुस्तकांची भाषा तपासू लागले. शब्द कसा लिहायचा, वाक्य कुठे तोडायचे हे एका टेबलावर ठरू लागले. पूर्णविराम, स्वल्पविराम मराठीत रुळले ते याच सुमारास. शाळेचे पुस्तक जसे छापले जाईल तसे बरोबर, हा समज तेव्हापासूनचा. संस्कृत जाणणारे पंडित आणि इंग्रज अधिकारी यांनी मिळून तो घडवला. यात वाईट काही झाले, असे मी म्हणत नाही. कोकणातले पोर आणि वऱ्हाडातले पोर एकच पुस्तक वाचू शकले ते त्यामुळेच. पण एक नवे मापही हाती आले: लिहिण्यावरून माणूस तोलायचे माप.

ते माप किती जोरात फिरू शकते, हे जोतीराव फुल्यांच्या वाट्याला आले. 'गुलामगिरी' १८७३ ची. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना ती अर्पण केली होती, आणि इथल्या शूद्रातिशूद्रांची गुलामी कशी घडवली गेली, हा तिचा विषय. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. मराठी गद्याला तिने डौल दिला, हे खरेच. पण त्याच 'माले'त फुल्यांच्या लिखाणाचा समाचार घेताना शास्त्रीबुवांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. शेतकऱ्याला लुबाडणारी व्यवस्था फुल्यांनी सांगितली तशी आहे की नाही, हा प्रश्न होता. उत्तरात विभक्त्या मोजल्या गेल्या. चुकांचा हा वापर मला क्षमा करण्याजोगा वाटत नाही, आणि तो आजही थांबलेला नाही. ग्रामसभेचे म्हणणे, कामगाराचा अर्ज, एखाद्या मुलीची तक्रार यांतले 'आनी' आणि 'पानी' वाचून हसणारा माणूस तेच करत असतो.

ठिपका काढावा, ही हाक विसाव्या शतकाच्या तोंडावर उठली. साने, गोडबोले आणि हातवळणे यांनी म्हटले की जे उच्चारात नाही ते लिहिण्यात कशाला? टिळकांनी १९०४ मध्ये 'केसरी'त लेख लिहून या सुधारणांचा समाचार घेतला. वाद अर्धे शतक चालला. परिषदांनी ठराव केले, समित्या नेमल्या. सावरकरांनी लिपीलाच हात घातला आणि 'इ', 'उ' ऐवजी 'अि', 'अु' लिहायची अ ची बाराखडी पुढे आणली. 'किर्लोस्कर' मासिक ती वापरत असे. ती टिकली नाही. ठिपक्याचा निकाल मात्र लागला. पुणे, मुंबई, नागपूर आणि मराठवाडा इथल्या चार साहित्यसंस्थांनी मिळून १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन केले. महामंडळाचे चौदा नियम राज्य सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चार आले, एकूण अठरा. स्पष्ट उच्चारला जातो तेथे शीर्षबिंदू द्यावा, अनेकवचनाच्या सामान्यरूपावर द्यावा. बाकी व्युत्पत्तीमुळे किंवा व्याकरणामुळे दिले जाणारे, न उच्चारलेले अनुस्वार देऊ नयेत. एवढ्या दोन-तीन वाक्यांत हजार वर्षांचे ठिपके उतरले.

जुन्या पुस्तकांचे काय करायचे, याचाही एक नियम झाला. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे महामंडळाच्या नियमांनी. म्हणजे ज्या शास्त्रीबुवांनी दुसऱ्याचे व्याकरण तपासले, त्यांच्या गद्यातले ठिपके आता छापणाऱ्याने काढायचे, आणि 'निबंधमाले'च्या आधीची 'गुलामगिरी' जशी लिहिली तशी ठेवायची. नियम करणाऱ्यांच्या मनात हे नक्कीच नसेल. पण बरोबर काय आणि चूक काय याची रेघ काळात कुठेतरी ओढावी लागते आणि ती माणसेच ओढतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

नुकसान काहीच झाले नाही असेही नाही. 'तें' आणि 'ते' एक झाले. 'काम केलें' आणि 'लाडू केले' यांतला फरक कागदावरून पुसला गेला; आता 'ते आले' एवढे वाचून बाळ आले की पाहुणे आले, हे पुढच्या वाक्यावरून ओळखायचे. बोलण्यात हा भेद अजून आहे, 'केलं' आणि 'केले' आपण वेगळे उच्चारतो. गंमत अशी की हे 'केलं' लिहिताना जो ठिपका देतो, तो जुन्या 'केलें' मधलाच. आता तो नाकातला सूर दाखवत नाही, शेवटचा 'अ' लांबवून म्हणायचा एवढे सांगतो. नियमांनी त्याला संवादापुरती जागा दिली होती. आज बरेचसे मराठी लेखन 'केलं-गेलं' मध्ये चालते, आणि कुणाच्या हुकमाशिवाय हा ठिपका परत आला आहे.

दुसरे नुकसान 'न उच्चारलेला' या शब्दांत लपले आहे. न उच्चारलेला म्हणजे कुणी न उच्चारलेला? गोव्यात आणि दक्षिण कोकणात तो आजही बोलला जातो. देवनागरी कोंकणीत 'हांव', 'गांव', 'दांत' असेच लिहितात आणि तसेच म्हणतात. कोकणातल्या चित्पावनी बोलीतही तो सूर आहे. रत्नागिरीच्या एखाद्या आजीच्या तोंडी जो सूर शाबूत होता, तो वर्गात ऐकू आला नाही म्हणून लेखी मराठीतून गेला. मी स्वतः १९६२ चा निर्णय योग्य मानतो, लाखो मुलांची घोकंपट्टी त्याने वाचवली. पण तो एका भागाच्या कानाने घेतलेला निर्णय आहे, हे लक्षात ठेवून मानतो.

हे सगळे सांगितल्यावर 'मग कसेही लिहा' असे म्हणायचे का? नाही. अठरा नियमांत जो ठिपका राखून ठेवला, अनेकवचनाच्या सामान्यरूपावरचा, तो एकटा मोठा भार वाहतो. मृत्युपत्रात 'घर मुलाच्या नावे' आणि 'घर मुलांच्या नावे' यांत फरक फक्त त्याचा. 'शेतकऱ्याचे कर्ज' आणि 'शेतकऱ्यांचे कर्ज' यांतही तोच. आणि मराठीत आदर दाखवायचा तर अनेकवचन लागते, म्हणून मानही त्याच ठिपक्यावर उभा आहे. हल्ली फोनवर येणारे श्रद्धांजलीचे संदेश पाहा. वयोवृद्ध शिक्षक गेलेले असतात आणि संदेशात 'त्याच्या आत्म्यास शांती लाभो' असे असते. लिहिणाऱ्याच्या मनात आदर आहेच, फक्त घाईत बोट ठिपक्यापर्यंत पोचलेले नाही. वाचणाऱ्या कुटुंबाला मात्र तो एकेरी शब्द टोचतो. ही चूक मी चूक मानतो आणि भेटेल तिथे दुरुस्त करायला सांगतो.

'सुर्य', 'पुर्ण', 'आणी', 'कि' यांचे तसे नाही. मराठीत इकार-उकाराची लांबी बहुतेक ठिकाणी शब्दातल्या जागेवरून आपोआप ठरते. लिहिणारा चुकला तरी वाचणारा बरोबरच म्हणतो. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' असे जोड आहेत, पण वाक्यात गोंधळ होईल असे प्रसंग मोजके. छापील पुस्तकात, वर्तमानपत्रात, पाठ्यपुस्तकात या चुका नसाव्यात, कारण तिथे तपासणारा माणूस पगार घेऊन बसलेला असतो आणि मुले ते वाचून शिकतात. मो. रा. वाळंबे, सत्त्वशीला सामंत, अरुण फडके यांनी उभे आयुष्य या कामाला दिले. त्यांची पुस्तके हाताशी ठेवण्यात कुणालाही कमीपणा नाही. पण दुकानाच्या पाटीवरचा 'पुर्ण', घरच्या चिठ्ठीतला 'आणी', पहिल्यांदा लिहायला बसलेल्या माणसाचा 'कि' यांवरून त्याच्या अकलेचे, शिक्षणाचे, घराण्याचे मोजमाप करणे अन्यायाचे आहे. ज्या नियमांनी आपण त्याला चूक ठरवतो, ते आजच्या रूपात १९६२ चे. त्याच्या आजोबांच्या शाळेत त्यांतले काही वेगळे होते आणि पणजोबांच्या मोडीत कुठलेच नव्हते.

शिक्षकांना, संपादकांना आणि कचेरीत अर्ज घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. 'त्याच्या' आणि 'त्यांच्या' मधला ठिपका कसोशीने शिकवा, तपासा, मागा. बाकीच्या खुणा लाल शाईने करण्याआधी समोरचा कागद शेवटपर्यंत वाचा, आणि त्यात जे मागितले किंवा सांगितले आहे त्याचे उत्तर आधी द्या.