म्हणे

पिंपळावर मुंजा असतो हे सगळ्यांना ठाऊक असते. कोणी सांगितले, ते कोणालाच आठवत नाही. अशा बेवारस ज्ञानासाठी वृत्तपत्रांनी हल्ली एक ठरीव शब्द धरला आहे: मान्यता. 'या कुंडात स्नान केल्याने रोग बरे होतात, अशी मान्यता आहे.' मराठीत मान्यता शाळेला मिळते, खर्चाला मिळते, आणि ती देणारा कोणी सहीशिक्क्याचा धनी असतो. हा दुसरा अर्थ हिंदीतून आलेला दिसतो. धातू मन्, तेव्हा संस्कृतची हरकत नसावी. हरकत माझी आहे, कारण घरात याहून चांगले शब्द पडून आहेत.

समज घ्या. वरवर पाहता तो सम् आणि ज्ञा यांची जोड वाटतो, पण वाट सम्बुध्यते, प्राकृत संबुज्झइ अशी आलेली दिसते. म्हणजे धातू बुध्, जागे होणे. बुद्धाचा आणि बोधाचा तोच. जुन्या मराठीतले 'बुझावणे' आणि आजचे 'समजूत घालणे' अर्थाने एक, तशी मुळातही भावंडेच असावीत. गंमत अशी, की जागेपणाच्या धातूतून निघालेला हा समज आज बहुधा चुकीचाच निघतो. 'असा समज आहे' म्हटले, की पुढे 'पण' येणार हे वाचक ओळखून असतो. मग गैरसमज वेगळा कशाला लागावा? अर्धा अरबी, अर्धा प्राकृत असा हा जोडशब्द गैरहजर, गैरसोय यांच्या पंगतीत बसला, आणि त्याच्यामुळेच समजाची थोडी अब्रू शिल्लक राहिली असावी.

बाकीचे बरेच शब्द तोंडाभोवती घोटाळतात. अफवा म्हणजे अरबीत 'तोंडे', अनेकवचनी. मराठीत ती एकटीच फिरते, तोंडे मात्र तितकीच लागतात. दंतकथेत दात आले, कर्णोपकर्णीत कान. किंवदंतीत नुसतेच 'काय बोलतात' आहे, बोलणारे गायब. रूढी तेवढी तोंडातली नव्हे, मातीतली. तिचा धातू रुह्, उगवणे, वर चढणे. आरोह आणि आरूढ तिचे सख्खे. झाड एकदा वाढले, की बी कोणी टाकले हे कोण विचारतो?

बोलणारा हरवणे हेच या साऱ्या कुळाचे लक्षण दिसते, आणि ते आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी हेरले होते. ज्या सांगीचा पहिला सांगणारा ठाऊक नाही, ती ऐतिह्य. 'इति ह', म्हणजे 'असे बुवा', यावरून हा शब्द झाला. पौराणिक त्याला स्वतंत्र प्रमाण मानत. नैयायिकांनी ते शब्दप्रमाणाच्या पोटात ढकलले. ठरलेले उदाहरण कोणते? 'या वडावर यक्ष राहतो.' आपल्या मुंज्याचा हा थोरला भाऊच! आणि याच 'इति ह'ला 'आस' जोडला, की इतिहास. वडावरचा यक्ष आणि इतिहासाचे पाठ्यपुस्तक एकाच बियाण्याचे, हे इतिहासकारांच्या कानावर जरा बेतानेच घालावे.

संस्कृतात ऐकीव गोष्टीला 'किल' चिकटवत. कन्नडमध्ये वाक्याच्या शेवटी 'अंते' येते. तेही 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदाचेच अपत्य दिसते. मराठीने त्याच जागी 'म्हणे' बसवले: 'तिथे मुंजा आहे म्हणे.' भण् पासून म्हणणे, आणि त्याचे जुने वर्तमानकाळी तृतीयपुरुषी रूप म्हणे. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते तेव्हा बोलणारा आपल्या बोलाखाली नाव घालून उभा राहतो. तुका काढून घ्या. उरलेल्या 'म्हणे'ला कर्ता नाही, जबाबदारी नाही, आणि शपथेवर खोटेही नाही. विश्वास, शंका आणि थोडी चेष्टा इतक्या कमी जागेत बसवणारा दुसरा शब्द मला तरी सापडलेला नाही. 'अशी मान्यता आहे' या तीन शब्दांत यातले काहीच नाही.

तुमच्या गावच्या वडा-पिंपळावर, चिंचेवर कोण राहते म्हणे, आणि हे सांगताना 'म्हणे'च्या जागी तुमच्याकडे आणखी कोणता शब्द येतो, ते जरूर कळवा.