मेलेला हक्क परत येतो तेव्हा

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता. ‘द थर्ड मॅन’ 1949 चा, पाऊणशे वर्षं होऊन गेली, आता त्यावर हक्क कुणाचा असणार? आमच्या चित्रपट मंडळानं तो दाखवायचं ठरवलं, तेव्हा आम्हीही असंच धरून चाललो होतो. जुना म्हणजे मोकळा. पण कायदा नुसतं वय विचारत नाही. कुठे दाखवणार, आणि कुणाच्या कोणत्या कामावरचा हक्क म्हणता, हे आधी विचारतो.

अमेरिकेचं पाहू. त्या काळी तिथे हक्क आधी 28 वर्षांचा असे; मुदतीत अर्ज करून नूतनीकरण केलं, तरच पुढे चाले. या चित्रपटाचा तिथला भागीदार निर्माता डेव्हिड सेल्झनिक 1965 साली वारला. नूतनीकरण कुणी केलंच नाही. हक्क संपला, आणि कुणीही प्रती काढून विकाव्यात अशी स्थिती आली.

आता गंमत पाहा. चित्रपटात हॅरी लाइम मेला, पुरला, असं सगळे समजतात, आणि तो व्हिएन्नातल्या एका दारात उभा दिसतो. हक्काचंही तसंच झालं. जागतिक व्यापार करार पाळण्यासाठी अमेरिकेनं 1 जानेवारी 1996 पासून परदेशी कृतींचे संपलेले हक्क पुन्हा जिवंत केले, मात्र मूळ देशात ते चालू असतील तरच. कॅरोल रीडचा हा चित्रपट ब्रिटिश, म्हणून तो परत बांधला गेला. 1950 चा ‘डी.ओ.ए.’ हाही गुन्हेपटच, त्याचंही नूतनीकरण राहून गेलं. पण तो अमेरिकी, म्हणून मोकळाच राहिला. एकाच चुकीची दोन फळं!

जे एकदा सर्वांचं झालं, ते परत काढून घेता येतं का? वाद्यवृंद संचालक लॉरेन्स गोलन आणि इतरांनी हे कोर्टात विचारलं. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं 6 विरुद्ध 2 मतांनी ‘येतं’ म्हटलं. आम्हाला हे पटत नाही. विश्वासानं ज्यांनी प्रती काढल्या, वाद्यवृंद बसवले, त्यांचा काय दोष? पण आम्ही न्यायाधीश नाही. अमेरिकेत हक्क 2044 अखेरपर्यंत आहे.

आपल्याकडे चित्रपटाला प्रकाशनानंतर 60 वर्षं. पूर्वी 50 होती. टागोरांच्या लेखनाची मुदत 1991 अखेर संपत आली, तेव्हा ती वाढवली गेली. साधा हिशेब केला तर 2009 अखेर संपली म्हणा. पण लेखन ग्रॅहम ग्रीनचं, आणि ते 1991 साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं धरली, तर ते 2051 अखेरपर्यंत बांधलेलं. शिवाय चित्रपटाच्या आवृत्त्या दोन: ब्रिटिश 104 मिनिटांची, अमेरिकी सुमारे 11 मिनिटांनी लहान, निवेदकाचा आवाजही वेगळा. मग आपण नेमका कोणता ‘थर्ड मॅन’ म्हणतोय?

मंडळानं शेवटी हक्कधारकांकडे परवानगीचं पत्र पाठवलंय. उत्तर यायचं आहे.