दुर्बिणीच्या दोन नळ्या

पुण्याच्या जुन्या बाजारातून पुष्कळ वर्षांपूर्वी मी एक दुर्बीण विकत घेतली. काळे चामडी आवरण, कडांवर रंग उडून उघडे पडलेले पितळ, आणि एका नळीच्या मागच्या झाकणावर कोरलेला ८ × ३० हा आकडा, एवढे तिचे बाह्य रूप होते. विक्रेत्याने त्या आकड्यावर बोट ठेवून ती कोणा जनरलसाहेबाच्या बंगल्यातून आल्याचे शपथेवर सांगितले, आणि मीही घासाघिशीचा रीतसर विधी आटोपून ती गळ्यात अडकवून घरी आलो. गच्चीवरून पर्वतीकडे पाहिले, तेव्हा एकेका डोळ्याला देवळाचे शिखर अगदी लख्ख दिसले. मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवताच तेच शिखर एकावर एक असे दोनदा उगवले, आणि पाच मिनिटांत कपाळ ठणकू लागले. झाकणावरचा आकडा खोटा नव्हता; पण दुर्बिणीचा जीव आकड्यात नसतो, हे मला त्या दिवशी पदरचे पैसे मोजून कळले.

दुर्बीण हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दूरचे पाहणारी ती दुर्बीण. तमाशबीनातला ‘बीन’ तो हाच. वस्तू मात्र युरोपातली, आणि तिचा पहिला खात्रीचा लेखी दाखलाच मुळी एका नामंजूर दरखास्तीचा आहे. मिडलबर्ग गावचा चष्मे करणारा हान्स लिपरहाय याने १६०८ च्या शरदात हेग येथील स्टेट्स जनरल या डच प्रजासत्ताकाच्या मध्यवर्ती सभेपुढे अर्ज गुदरला, की दूरच्या वस्तू निकट दाखविणाऱ्या आपल्या नळीची तीस वर्षांची सनद मिळावी, अगर ते नसेल तर वार्षिक तनखा तरी बांधून मिळावा. सभेने नेमलेल्या मंडळींनी मनोऱ्यावर चढून नळीची पारख केली, ती राज्याच्या उपयोगी पडेल असा अभिप्राय दिला, आणि त्याबरोबरच एक फर्माईशही जोडली: यंत्र दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे करावे, आणि भिंगे साध्या काचेची नव्हेत, तर स्फटिकाची घडवावीत. फर्माईश करणारांस काचेची चांगली जाण असावी; कारण त्या काळची काच म्हणजे बुडबुडे, रेघा आणि हिरवट झाक यांचे माहेरघर होते. लिपरहायने डिसेंबरात दुहेरी नळी हजर केली, ती पसंत पडली, तीन यंत्रांपोटी एकंदर ९०० गिल्डर त्याच्या पदरात पडले. परंतु सनद मात्र नाकारली गेली, कारण ही युक्ती आणखीही काहीजणांस अवगत असल्याचे सभेच्या कानी आले होते, आणि अल्कमारच्या याकोब मेटियसने तर थोड्याच दिवसांत तशीच दरखास्त दाखल केली होती. कल्पना बाजारात फिरत होती. दोन नळ्या एका दिशेला तंतोतंत पाहतील अशी घडविणे ही मात्र निराळी विद्या होती, आणि तिला वश होण्यास पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

मधल्या काळात राज्य चालले ते एका नळीचे. गॅलिलिओच्या रचनेत पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग असे, त्यामुळे प्रतिमा सुलटी दिसे. पण वर्धन वाढवावे तसतसे दृष्टिक्षेत्र किल्लीच्या भोकाएवढे आकुंचित होई. केप्लरने १६११ साली दोन्ही भिंगे बहिर्गोल घेण्याची रचना सांगितली; तीत क्षेत्र ऐसपैस मिळे, पण जग उलटे दिसे. ज्योतिष्याला त्याची हरकत नव्हती, कारण शनीला ना डोके ना पाय. शिकाऱ्याला मात्र पाय वर करून चरणारे हरिण परवडणारे नव्हते, आणि ते सुलटे करण्यासाठी आणखी भिंगे घालावीत तर नळी हातभर लांब होई. १८२३ च्या सुमारास व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडरने गॅलिलिओच्या पद्धतीच्या दोन नळ्या जोडून नाटकगृहात वापरायच्या दुर्बिणी बाजारात आणल्या, तेव्हा त्या रंगभूमीवरील नटीचे मुख न्याहाळण्यास पुरेशा ठरल्या, डोंगरापलीकडच्या सावजास नव्हेत.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात लाल हरणाच्या मागावर असणाऱ्या वाटाड्यांनी म्हणूनच एकनळीचा हट्ट विसाव्या शतकापर्यंत सोडला नाही. तीन टप्प्यांत बाहेर ओढण्याची, चामड्यात मढवलेली ती लांब नळी घेऊन हा माणूस ओल्या गवतात उताणा पडे, गुडघा उभा करून त्यावर नळीचे टोक टेकवी, आणि कोसभरावरच्या कळपातील नराच्या शिंगांना किती फाटे आहेत ते मोजी. हात थरथरला की वीस-पंचवीस पटींचे वर्धन व्यर्थ जाते, म्हणून हे सारे आसन. त्यांच्या नजरेची ख्याती अशी, की बोअर युद्धात १९०० साली लॉर्ड लोव्हॅटने याच लोकांची पलटण उभारली, आणि ते आपल्या नळ्या घेऊन आफ्रिकेच्या माळावर टेहळणीस गेले.

दोन नळ्यांचा प्रश्न सोडविण्याची किल्ली एका इटालियन तोफखान्याच्या अधिकाऱ्याच्या हाती होती. इग्नाझिओ पोरो याने १८५४ साली काटकोनी लोलकांच्या जोडीची सनद घेतली: किरण या लोलकांत चार वेळा परावर्तित होऊन उलटी प्रतिमा सुलटी होते, आणि शिवाय लांब वाट दुमडल्यासारखी होऊन नळी मुठीत मावते. युक्ती निर्दोष होती. दोष काचेचा होता. लोलकाच्या जाड ठोकळ्यातून जाताना प्रकाश मंदावे, रेघांवर अडखळे, आणि प्रतिमा दुधात पाणी घातल्यासारखी फिकी येई. त्यामुळे ती सनद चाळीस वर्षे जवळजवळ दफ्तरात पडून राहिली.

येना येथे कार्ल झाइसच्या कारखान्यातील भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यास तीच लोलकाची कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती, आणि १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्याने तिचा नमुनाही मांडला होता. पण तोही काचेपाशी येऊन थांबला. आबे आणि पोरो यांच्यात फरक एवढाच, की आबेने काच मिळवली. त्याच्या सहकार्याने ऑटो शॉटने १८८४ साली येनातच काचेची प्रयोगशाळा काढून बोरॉन, बेरियम यांसारखी द्रव्ये मिसळून नव्या जातीच्या काचा ओतल्या, आणि त्या हळूहळू थंड करण्याचे तंत्र सिद्ध केले. मग १८९३ साली झाइसने सनदेची मागणी केली. येथे लिपरहायचीच कहाणी पुन्हा घडली: लोलकांबद्दल सनद देता येत नाही, ते पोरोने आधीच केले आहे, असा निवाडा झाला, आणि पुढची दोन भिंगे डोळ्यांहून अधिक अंतरावर ठेवल्याने खोलीचे भान वाढते, एवढ्याच गोष्टीची सनद पदरी पडली. तिची मुदत १९०८ साली संपताच युरोपभर कारखानदारांची रीघ लागली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत दुर्बीण म्हटले की खांदे रुंद असलेली जी आकृती डोळ्यांपुढे येई, ती त्या सनदेची देणगी.

शिकारी या प्रकरणात शिरतो तो संधिप्रकाशाच्या अर्ध्या तासामुळे. मध्य युरोपातील शिकारी रानाच्या कडेला उंच मचाणावर तासन्‌तास बसतो, आणि हरीण व रानडुक्कर झाडीबाहेर पडतात ते नेमके दिवस मावळल्यावर. सावज दिसले तरी ते नर की मादी, तरणे की म्हातारे, मारण्यास योग्य की नाही, याची खात्री केल्याविना बार टाकणे हा तेथे अधर्म समजला जातो. भर उन्हात कोणतीही दुर्बीण साव दिसते. या अर्ध्या तासात ती उघडी पडते.

येथे त्या कोरलेल्या आकड्याचा अर्थ सांगावा लागेल. आठ म्हणजे वर्धन, तीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. तिसाला आठाने भागले की पावणेचार मिलिमीटर व्यासाची प्रकाशाची शलाका डोळ्यात उतरते. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे करा, म्हणजे नेत्रभिंगात ती चकती तरंगताना दिसेल. ती वाटोळी असावी, कडा करडेपणाने छाटलेल्या दिसल्या तर लोलकाच्या काचेत काटकसर झाली आहे असे खुशाल समजावे. सात बाय पन्नासची चकती सात मिलिमीटरहून किंचित मोठी असते, आणि तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे तेवढीच फाकते, म्हणून नाविकांनी आणि रात्रीच्या शिकाऱ्यांनी हे माप उचलले. गंमत अशी, की वयाबरोबर बाहुलीचे फाकणे कमी होत जाते. म्हणजे ज्या वयात अशी जड आणि महागडी दुर्बीण घेण्याची ऐपत येते, त्या वयात तिचा निम्मा प्रकाश बुबुळावरच सांडतो.

आणि जो प्रकाश आत शिरतो, तो तरी पुरा पोहोचतो काय? काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर शेकडा चार-पाच भाग प्रकाश परत फिरतो. साध्या दुर्बिणीच्या एका नळीत अशा दहा सीमा सहज असतात, आणि प्रत्येक नाक्यावर अशी जकात कापली गेली म्हणजे अखेरीस शंभरातले साठ-पासष्टच भाग डोळ्यापर्यंत येतात. परत फिरलेला प्रकाश आतच भटकून प्रतिमेवर धुके धरतो, ते निराळेच. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली भिंगावर अतिसूक्ष्म थर चढवून ही गळती कमालीची घटविली. जर्मन लष्कराने ती युक्ती काही वर्षे गुप्त ठेवली. पुढे दुर्बिणींवर जे टी हे अक्षर आले ते या लेपाचे. थर चढवलेले भिंग तिरपे धरले की त्यात दिव्याचे प्रतिबिंब निळसर-जांभळे आणि निस्तेज दिसते. पांढरे लख्ख दिसले, तर लेप नाही.

काच कोणाच्या मुलखात ओतली जाते, या प्रश्नाचे मोल १९१४ साली कळून आले. युद्ध पेटताच ब्रिटनला दुर्बिणींचा तुटवडा पडला, कारण उत्तम काच आणि उत्तम दुर्बिणी शत्रूच्या घरच्या. हिंदुस्थानात सेनापती राहिलेल्या वृद्ध लॉर्ड रॉबर्ट्सने जनतेला आवाहन केले, की शिकारीच्या आणि घोड्यांच्या शर्यतीच्या आपल्या दुर्बिणी फौजेला उसन्या द्याव्यात. १९१५ साली तर ब्रिटिश सरकारने स्वित्झर्लंडमार्फत खुद्द जर्मनांशीच दुर्बिणींसाठी बोलणी केली, आणि बदल्यात जर्मनांना हवे होते रबर! अमेरिकेनेही युद्धात उतरल्यावर आरमारासाठी नागरिकांकडून दुर्बिणी मागविल्या. फुकट घेण्यास कायदा आडवा येत असल्याने दर नगास एक डॉलर मोबदला ठरला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९४५ साली अमेरिकन फौजांनी येना सोडताना झाइसमधील निवडक शास्त्रज्ञ पश्चिमेस नेले, रशियनांनी मागाहून यंत्रसामग्री उचलली, आणि एका नावाचे दोन कारखाने, येना आणि ओबरकोखेन, नावासाठी कोर्टात भांडत राहिले. सरळ नळीच्या, कौलारू छपरासारखी कड असलेल्या लोलकांच्या दुर्बिणी त्याआधीच, १९०५ च्या सुमारास, हेन्सोल्ट या कारखान्याने काढल्या होत्या. त्या सुटसुटीत खऱ्या, पण त्या कडेचा कोन अंशाच्या हजाराव्या भागाइतका अचूक लागतो, म्हणून स्वस्तातली अशी दुर्बीण स्वस्तातल्या पोरो-लोलकवालीपेक्षा बहुधा वाईट निघते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय जवळजवळ मिटला, आणि दुर्बीण पक्षिनिरीक्षकांच्या गळ्यात आली. मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांचा प्रवासही बालपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासूनच सुरू झाला होता.

माझी जुन्या बाजारातली दुर्बीण पुढे मी एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. त्याने आकड्याकडे पाहिलेही नाही, कानाशी धरून हलवली, आत काही खुळखुळते का ऐकले, आणि म्हणाला, “पडलीय कधीतरी. लोलक सरकलाय.” डोळे आत वळून पुष्कळ सांभाळून घेतात, हे त्याने मला समजावले; पण एक नळी वर आणि एक खाली पाहू लागली, तर एक डोळा वर आणि एक खाली करणे कोणालाच जमत नाही, आणि ते साधण्याच्या धडपडीत कपाळ दुखते. मग त्याने दुर्बीण लाकडी घोडीवर आवळली, समोरच्या तारेच्या खांबावर रोखली, चामडे नखाने उचलून खालचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरविला, पुन्हा पाहिले, पुन्हा फिरविला. तासाभराने त्याने मला पाहायला बोलावले. खांब एकच होता, आणि त्यावर बसलेल्या कोतवालाच्या शेपटीचे दोन फाटे निरनिराळे मोजता येत होते.