विजेचा इतिहास आणि रानातला माणूस

रोहिण्या निघाल्या की आमच्या परभणी जिल्ह्यात लहानथोरांच्या नजरा आभाळाकडे लागतात. दिवसभर अंगाची लाही होते. दुपार कलली की ढग दाटतात, वावटळ उठते, चार टपोरे थेंब पडतात आणि वीज कडाडते. वळवाचा हा पाऊस सर्वांनाच हवा असतो. पण जिंतूरच्या माळरानापासून गंगाखेड-पालमच्या गोदाकाठापर्यंत तो कधी बैलजोडी घेऊन जातो, तर कधी घरातला कर्ता माणूस.

विजेचे भय मानवाइतकेच जुने आहे. आपल्या पूर्वजांनी तिला इंद्राचे वज्र मानले. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त आकाशातून पडणाऱ्या तेजाचे पाच प्रकार सांगितले आणि त्यांत अशनी व विद्युत यांना जागा दिली. त्याने उल्का आणि वीज एकाच माळेत ओवल्या, तरी माणसांवर, जनावरांवर, झाडांवर पडणारे तेज त्याने वेगळे नोंदवले होते. खेड्यापाड्यांत मात्र तर्क निराळा चाले. पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत आमच्या लहानपणी पक्की होती. आभाळ गरजू लागले की पायाळू पोराला घरात कोंडत. तेवढा एक पोरगा वाचे, बाकीचे खुशाल आंब्याखाली कैऱ्या वेचत!

युरोपही याबाबत शहाणे नव्हते. चर्चच्या घंटा वाजवल्या की वीज पळते, असा तिकडे समज होता. म्युनिकमध्ये १७८४ साली छापलेल्या एका पुस्तकात हिशेब दिला आहे: ३३ वर्षांत ३८६ चर्चच्या मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे १०३ जण दगावले. तोपर्यंत बेंजामिन फ्रँकलिनच्या सूचनेवरून फ्रान्समध्ये १० मे १७५२ रोजी उंच लोखंडी कांबेतून ढगातली वीज उतरवून दाखवली गेली होती. पुढच्याच वर्षी, १७५३ मध्ये, सेंट पीटर्सबर्ग येथे असाच प्रयोग करताना रिचमन या शास्त्रज्ञाचा बळी गेला. वीज ही विद्युतशक्तीच आहे आणि तिला धातूची वाट करून दिली तर ती जमिनीत जाते, हे ज्ञान असे किंमत मोजून मिळाले.

पण या ज्ञानाचा लाभ आधी कोणाला मिळाला? मनोऱ्यांना, जहाजांना आणि दारूकोठारांना. हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या दारूकोठारांवर वीजवाहक कसे बसवावेत, यावर कलकत्त्याचे डॉ. ओशॉनेसी यांनी १८३०-४० च्या काळात मोठा वाद घातला. याच गृहस्थांनी पुढे देशात तारायंत्राचे जाळे उभारले. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता उद्ध्वस्त झाले आणि लगेच १८६५ मध्ये बंदराला वादळाचे इशारे मिळू लागले. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. म्हणजे गोदामे आणि बंदरे सावध झाली. उघड्या रानात औत हाकणारा मात्र तसाच राहिला.

त्याच्याकडे लक्ष गेले ते विसाव्या शतकात. १९३२ साली पुण्यात हवामान खात्याचा कृषी विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता आकाशवाणीवरून ऐकू येऊ लागली. रेडिओचे आणि विजेचे नाते तर त्याहून जुने. रशियन शास्त्रज्ञ पोपोव यांनी ७ मे १८९५ रोजी जे यंत्र दाखवले, ते दूरची वीज ओळखणारेच होते. वीज चमकली की तिच्यातून रेडिओलहरी निघतात. मीडियम वेव्हवर भजन ऐकताना मध्येच होणारी खरखर त्याचीच खूण. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे जाळे याच लहरी टिपून वीज कुठे पडते आहे ते शोधते. त्यावरूनच ‘दामिनी’ ॲप जवळ येणाऱ्या विजेचा इशारा देते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो.

तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात विजेने २,८८७ माणसे गेली. कारण इशारा आणि माणूस यांच्यामध्ये बरेच काही उभे असते. मोबाइल घरी असतो, किंवा रानात रेंज नसते. रोजाने निंदायला गेलेली बाई मुकादमाने म्हटल्याशिवाय पात सोडत नाही. आखाड्यावरचा सालगडी बैल सोडून पळत नाही. म्हणून ज्याचे रान आहे त्यानेच ढग गरजताच काम थांबवावे आणि त्या दिवसाचा रोजही कापू नये.

ढगांचा आवाज ऐकू आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर पक्के घर किंवा बंद काचांची मोटार गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. लिंब, बाभूळ, आंबा यांचा आसरा घेऊ नये. झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसावर झेपावते आणि जमिनीतूनही पसरते. पावलांतले अंतर जास्त तितका धोका मोठा. झाडाखालची जनावरे म्हणूनच एकदम दगावतात. चहूबाजूंनी उघडे पत्र्याचे शेड, तारेचे कुंपण, विहिरीचे पाणी आणि मोटारीचा स्टार्टर, सगळ्यांपासून दूर राहावे. मोबाइल वीज ओढत नाही; तो खुशाल जवळ ठेवावा.

आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नये. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोराने, भराभर दाब देत राहावे आणि १०८ ला फोन करावा. मेला असे समजून सोडून दिलेला माणूस पुष्कळदा वाचवता आला असता. अडीचशे वर्षांपूर्वी मनोऱ्याला मिळालेले संरक्षण आज निंदणाऱ्या बाईपर्यंत पोचवायचे असेल, तर गावागावांत हे सांगणारी माणसे हवीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)