बोरूपासून कळफलकापर्यंत

हातोडा, विळा, कात्री, मागाचा धोटा ही कामगाराची हत्यारे आहेत, हे सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. परंतु आपल्या सावेडीतल्या कोणत्याही कचेरीत, पतसंस्थेत, वकिलाच्या कार्यालयात किंवा दवाखान्याच्या खिडकीमागे बसून जो माणूस दिवसभर कळा दाबतो, त्याच्यापुढचा कळफलक, ज्याला आपण बाजारात कीबोर्ड म्हणतो, तेही हत्यारच आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सुतार आपल्या वाकसाला दांडा स्वतः बसवून घेतो. नगरची विडी वळणारी बाई पान कापण्याची कात्री दोनचार वेळा उघडझाप करून पाहिल्याशिवाय घेत नाही. लिहिणाऱ्याला मात्र त्याचे हत्यार कोणी विचारून दिलेले नसते. टेबलावर जे असेल तेच त्याचे. हे असे का झाले आणि ते तसेच चालू द्यावे काय, एवढाच आजचा विषय आहे.

लिहिणाऱ्या हाताची तक्रार जुनी आहे. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. निरनिराळ्या धंद्यांमुळे कोणते रोग जडतात, ह्यावर त्याने १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. खाणकामगार, कुंभार, परीट ह्यांच्याबरोबर कारकुनांनाही त्याने पुढच्या आवृत्तीत त्यात जागा दिली. सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्याने सांगितली. एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहावयास शिकला आणि काही काळाने डावाही तसाच झाला, अशी हकीकत त्याने नोंदवून ठेवली आहे. म्हणजे हे दुखणे संगणकाने आणलेले नव्हे. ते कामाच्या पद्धतीने आणलेले आहे.

आपल्याकडच्या कारकुनाने ह्यावर जो उपाय काढला, तो मात्र विचार करण्यासारखा आहे. त्याने लिपीच वाकवली. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखाली हात होईल तितका कमी उचलून अक्षरे जोडीत जावयाचे. अक्षरांना गोलाई आली, ती हात सरकता राहावा म्हणून. ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोरपणाही तिथे फारसा ठेवला नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल सोडून पाहिले म्हणजे कळते, की राज्याचा सारा हिशेब ह्या धावत्या हातांनी सांभाळला होता. लेखणी म्हणजे बोरू. आणि बोरू ज्याचा त्याने आपल्या हाताच्या वळणाप्रमाणे तासून घ्यावयाचा. लिपी आणि लेखणी ह्या दोन्ही गोष्टी हाताच्या सोयीने चालत होत्या, हा मुद्दा आपण लक्षात ठेवू.

छापखाना आल्यावर मोडी मागे पडली आणि बालबोध पुढे आली. त्यानंतर यंत्र आले. अमेरिकेत मिलवॉकी गावी क्रिस्टोफर शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८६८ साली टंकलेखनयंत्राचे पेटंट मिळवले, आणि १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. ही कंपनी बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणारी होती. इंग्रजी अक्षरांची जी मांडणी आजही आपल्या कळफलकावर दिसते, तिचा जन्म ह्याच काळातला. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती तशी केली, असे सर्वसाधारणपणे सांगतात. तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या गरजेतून ती घडली, असेही काही संशोधक म्हणतात. दोन्हींपैकी काहीही खरे असो, बोटांना काय सोपे पडेल ह्या प्रश्नातून ती निघाली, असे ह्या दोन्ही मतांत नाही. पुढे ऑगस्ट ड्वोराक ह्या अमेरिकन प्राध्यापकाने बोटांचा विचार करून नवी मांडणी केली आणि १९३६ साली तिचे पेटंट घेतले. ती पसरली नाही. लाखो हात जुन्या मांडणीला सरावले होते, आणि कामगाराचा सराव हे त्याचे भांडवल असते. ते कोणी सहज टाकून देत नाही.

देवनागरीची अडचण ह्याहून मोठी. त्या यंत्राला चव्वेचाळीस-शेहेचाळीस कळा. एका कळेवर दोन चिन्हे धरली तरी नव्वदीच्या आसपास मजल जाते. त्यात स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, मात्रा, आकडे सारे कोंबावयाचे. मग अर्धे अक्षर उमटवून त्याला काना जोडावयाचा, म्हणजे पुरे अक्षर होते, अशा युक्त्या आल्या. ‘किती’ लिहिताना तोंडाने आधी क म्हणावयाचे, पण बोटाने आधी वेलांटी मारावयाची. कारण कागदावर ती आधी दिसते. लिपीसुधारणेची जी चळवळ आपल्याकडे झाली, अ ची बाराखडी काही काळ छापलीही गेली, तिच्यामागे यंत्राची ही अडचण एक मोठे कारण होते. हाताच्या सोयीसाठी लिपी वाकवणे आणि यंत्राच्या सोयीसाठी लिपी वाकवणे ह्यांत फरक आहे. पहिल्यात माणूस धनी असतो, दुसऱ्यात यंत्र.

तरीही ह्या यंत्राने उपकार केले, हे नाकारता येत नाही. १९५५ साली गोदरेजने मुंबईत टंकलेखनयंत्र बनवले आणि २००९ पर्यंत ते बनवले जात होते. गावोगावी टंकलेखनाचे वर्ग निघाले. त्या वर्गांच्या बाकावर बसून किती मुलीबाळी कचेरीच्या नोकरीपर्यंत पोहोचल्या! आणखी एक उपकार त्या यंत्राने नकळत केला होता. ओळ संपली की घंटी वाजे. मग हात उचलून गाडी मागे सरकवावी लागे. पान संपले की कागद बदलावा लागे. कळा जड होत्या, बोटे दुखत. पण घटकाभराची विश्रांती यंत्राच्या रचनेतच होती.

संगणकाने कळा हलक्या केल्या आणि ही विश्रांतीही काढून घेतली. ओळ आपोआप खाली जाते, पान आपोआप बदलते. हात मात्र तिथेच. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्या हजारो कामगारांनी मनगट, कोपर व खांदा दुखण्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा त्या देशात मोठा वाद माजला. हे दुखणे शरीराचे की मनाचे, असाही प्रश्न तज्ज्ञांनी विचारला. परंतु कामगार संघटनांनी प्रश्न सोडला नाही. पुढे २९ मे १९९० रोजी युरोपीय समुदायाने एक निर्देश काढला. कळफलक पडद्यापासून वेगळा असावा. त्याचा उतार बदलता यावा. त्याच्यापुढे हात टेकण्यास जागा असावी. पृष्ठभाग चकाकणारा नसावा. अक्षरे स्पष्ट वाचता यावीत. आणि कामाच्या मध्ये विश्रांती किंवा कामात पालट असावा, हे त्यात लिहिले गेले. आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी खटपट केली, तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. विश्रांती ही मागावी लागते, हा धडा मुंबईचा आणि युरोपचा एकच आहे.

आता निवड कशी करावी, हे पाहू. आधी हिशेब मांडू. आपल्या राज्यात लिपिक-टंकलेखकाला मराठीत मिनिटाला ३० शब्दांची गती लागते. शब्दाला पाच ठोके धरले, तर मिनिटाला १५०, तासाला ९,०००, आणि चार तासांच्या लेखनाला ३६,००० ठोके झाले. कळ दाबण्यास ६० ग्रॅमचा जोर लागत असेल, तर दिवसाची बेरीज २,१६० किलो होते. ४५ ग्रॅम लागत असेल, तर १,६२० किलो. हिशेब ढोबळ आहे, पण फरक ५४० किलोंचा, म्हणजे साडेपाच क्विंटलच्या जवळ आहे. मार्केट यार्डातल्या हमालाला विचारा, हा फरक लहान आहे काय! मात्र कळ फार हलकी असली, तर टेकलेल्या बोटानेही अक्षर उमटते; म्हणून ती दाबून पाहणे हाच मार्ग. स्वस्त फलकात रबराच्या टोप्या असतात. कळ तळाला आपटेपर्यंत दाबावी लागते. स्वतंत्र कळसूत्राच्या फलकात कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते आणि बहुधा अर्ध्या वाटेवरच अक्षर नोंदते. तो महाग असतो, आवाजही करतो. परंतु अधिक टिकतो.

दुसरी गोष्ट उंचीची. फलकाच्या मागच्या बाजूला दोन घडीचे पाय असतात. ते उभे केले म्हणजे फलक ऐटबाज दिसतो, पण मनगट वर मुडपते. पाय मिटूनच ठेवावेत. खांदे सैल, कोपर सुमारे काटकोनात, मनगट सरळ, अशी बैठक जमली पाहिजे. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्यावी आणि पायाखाली पाट ठेवावा. तिसरी गोष्ट रुंदीची. ज्याला आकड्यांचे काम नाही, त्याने उजवीकडची आकड्यांची पट्टी नसलेला फलक घ्यावा. म्हणजे माऊस जवळ येतो आणि खांदा ताणला जात नाही. पतसंस्थेच्या रोखपालाला मात्र ती पट्टी हवीच.

चौथी गोष्ट आपल्या भाषेची. १९८६ साली सरकारी पुढाकाराने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी तयार झाली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात आली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. क च्या कळेवरच शिफ्टने ख, ग च्या कळेवर घ. वेलांटी बोलण्याच्या क्रमाने, अक्षरानंतर. ‘भाकरी’ लिहावयास पाच कळा आणि एक शिफ्ट. तीच रोमन अक्षरांतून बी-एच-ए-के-ए-आर-आय अशी सात कळांनी भाजावी लागते. शिवाय आपल्या शहरात तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज मोठा आहे. ह्या मांडणीत मराठीचा क आणि तेलुगूचा क एकाच कळेवर बसतो. नव्याने शिकणाऱ्याने हीच शिकावी, असे माझे मत आहे. पण ज्याचे हात वीस वर्षे रेमिंग्टनच्या मांडणीत मुरले, त्याच्यावर ती एका परिपत्रकाने लादू नये. संगणकाला दोन्ही मांडण्या चालतात. बदल करावयाचा तर शिकण्याला वेळ द्यावा, आणि तो कामाच्या तासांतून द्यावा.

काही वर्षांपूर्वी एका कचेरीतील टंकलेखक भगिनी संघटनेकडे आल्या. तिघींची मनगटे दुखत होती. वरिष्ठांनी मलम लावण्यास सांगितले होते. आम्ही जाऊन पाहिले, तर टेबल उंच, खुर्ची बुटकी, फलकाचे पाय उभे, आणि दुपारच्या चहाखेरीज उठण्यास मुभा नाही. पाय मिटले, खुर्च्या बदलून घेतल्या, तासाला पाच मिनिटे उठण्याचे कबूल करून घेतले. दुखणे पार गेले असे मी म्हणत नाही. एकीला डॉक्टरांकडे जावेच लागले, आणि बोटांना मुंग्या येत असतील तर प्रत्येकाने वेळीच जावे. परंतु उरलेल्या दोघींना रात्रीची झोप येऊ लागली. ह्याला खर्च किती आला? दोन फलकांच्या किमतीहूनही कमी.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कोणत्याही संस्थेने कळफलकांची खरेदी करताना सर्वांत कमी दराची निविदा उघडण्याआधी दोनतीन नमुने मागवावेत, आणि ज्यांना त्यावर बसावयाचे आहे त्यांच्याकडून आठवडाभर वापरून घ्यावेत. घरी मुलासाठी फलक घेणाऱ्यानेही डब्यावरचे चित्र पाहून घेऊ नये. दुकानात उभ्याने नव्हे, बसून दहा ओळी मराठीत लिहून पाहाव्यात. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने बोरू स्वतः तासून घेतला. त्याच्या पणतवंडांना निदान कळफलक निवडण्याचा अधिकार असावा. यंत्रे पुढेही बदलतील. बोलून लिहिणारी यंत्रे तर आलीच आहेत. परंतु यंत्र कोणतेही असो, त्याचे माप माणसाच्या शरीरावरून घ्यावयाचे, माणसाचे माप यंत्रावरून नव्हे. एवढे आपण ठरवले, तर पुढच्या पिढीच्या हातांवर आपले काही उपकार राहतील.